भंगार कोणी ठरवायचे?



गेल्या हंगामात दुसरी वेचणी संपत आली असताना आमच्या एका कार्यकर्त्याने आपली वीस वर्षांची पिकअप विकली. गाडी चालू होती. चारही चाकांना ओढ देणारी, पांदणीतल्या गाऱ्यातून कापूस भरून निघणारी गाडी. मग विकली का? गावात एक दलाल आला आणि म्हणाला, "सरकारचा कायदा आलाय. पंधरा वर्षांवरच्या गाड्या उचलून नेणार आहेत. आज देतो ते घ्या, उद्या तेही मिळायचे नाही." गाडी लोखंडाच्या भावाने गेली. दोन महिन्यांनी तीच गाडी शेजारच्या तालुक्यात, रंग मारून आणि टायर बदलून, भाड्याने कापूस ओढताना आम्ही पाहिली. कागदोपत्री मात्र ती अजून आमच्या कार्यकर्त्याच्याच नावावर होती.

कापसाला भाव पडणार अशी आवई उठवायची, घाबरलेल्याकडून माल उचलायचा आणि मग तोच माल चढ्या भावाने विकायचा, ही रीत आपल्याला नवी नाही. आता ती आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीलाही लागू झाली आहे. म्हणून या वेळी कापूस-ज्वारी थोडी बाजूला ठेवून जुन्या गाडीचा हिशेब मांडायचा आम्ही ठरवले.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती भाव नसतो. त्याच्या हाती असते ती एकच गोष्ट, माल कधी न्यायचा आणि कुठे न्यायचा. गाडी नसेल तर तीही जाते. मग व्यापारी दारात येतो, काटा त्याचा, कट्टी त्याची आणि भावही त्याचाच. दारात स्वतःची गाडी असेल तर दोन-तीन बाजार पाहता येतात, आणि पटले नाही तर भरलेला माल घरी परत आणता येतो. रात्री पोटात दुखू लागलेल्या लेकीला तालुक्याला नेता येते, कडबा आणता येतो, खताची पोती आणता येतात. ही चैन नाही. नांगर आणि बैल जसे भांडवल, तशी गाडी हे भांडवल आहे.

"मग नवी घ्या" असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना हिशेब दाखवू या. नवी पिकअप आज नऊ-दहा लाखांच्या घरात जाते. नऊ लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे १९,१०० रुपये पडतो. वर्षाचे सुमारे २,२९,५०० रुपये झाले. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे नुसता हप्ता फेडायला २८ क्विंटलांहून जास्त कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर पावणेसहा एकरांचे सगळे पीक गाडीच्या हप्त्यात गेले. यात बी, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी धरलेलीच नाही. गाडीचे डिझेल आणि विमाही नाही. पाच एकरांच्या शेतकऱ्याने हा सल्ला ऐकला तर गाडी राहील, शेत जाईल.

जुन्या गाडीला वर्षाकाठी साठ-सत्तर हजार रुपये दुरुस्तीला लागले, तरी ते नव्या गाडीच्या हप्त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत आहेत. आणि पीक बुडाले त्या वर्षी दुरुस्ती पुढे ढकलता येते. बँकेचा हप्ता ढकलता येत नाही.

ही गाडी मुळात कोणासाठी निघाली, हेही सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी जीप निघाली ती अशी, की मोडली तर सैनिकाने जागच्या जागी पान्याने उघडून जोडावी. युद्ध संपले आणि १९४५ साली अमेरिकेतल्या विलीज कंपनीने नागरी वापराची जीप बाजारात आणली, तेव्हा तिचे मोठे गिऱ्हाईक म्हणून शेतकरीच डोळ्यासमोर होता. शेतीची यंत्रे चालवण्यासाठी इंजिनाची ताकद बाहेर घेण्याची सोयही तिला मिळत असे. स्वातंत्र्यानंतर लगेच महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. शिडीसारखी चासी, पुढेमागे कमानपाटे, साधे डिझेल इंजिन अशा त्या घराण्यातल्या गाड्या आणि पिकअप पुढे आपल्या तालुक्यांत पसरल्या. निंबाच्या झाडाखाली उघडता येते आणि तिथेच जोडता येते, हा या गाडीचा मोठा गुण आहे. म्हणूनच ती वीस-पंचवीस वर्षे टिकते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण दलालाचा धंदा आपल्या अज्ञानावर चालतो.

वाहन भंगार धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले. त्यात खासगी मालकाची गाडी केवळ पंधरा वर्षांची झाली म्हणून उचलून न्यावी, असे कुठेही नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी पुन्हा होत नाही ती सरकारच्या स्वतःच्या गाड्यांची. डिझेल गाड्यांना दहा वर्षांची मर्यादा आली ती दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशासाठी, न्यायालयांच्या खास आदेशांनी. आपल्या जिल्ह्यात खासगी नोंदणीच्या गाडीची पंधरा वर्षांनी तपासणी होते आणि पास झाली तर नोंदणी पाच वर्षांनी वाढते. मालवाहू नोंदणीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस दाखला घ्यावा लागतो. गाडी तपासणीत नापास झाली, पुन्हा दुरुस्त करून नेली आणि तरीही नापास झाली, तर भंगाराचा प्रश्न येतो. वयावरून नाही.

आणखी एक. गाडी विकली आणि आरसी बुकावरचे नाव बदलले नाही, तर अपघाताची भरपाई नोंदणीतल्या मालकाच्या गळ्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केले आहे. आमच्या त्या कार्यकर्त्याला आम्ही पहिल्यांदा परिवहन कार्यालयात पाठवले ते यासाठी. गाडी गेली ती गेली, उद्या शेत जाऊ नये.

मग सरकारचा काहीच दोष नाही काय? आहे. गाडी मोडा असे सरकार म्हणत नाही, पण ठेवणे महाग करून तेच साधते. खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले. २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारीला ते १०,००० करण्यात आले. मालवाहू गाडीच्या फिटनेसचे शुल्कही वयाबरोबर चढत जाते, आणि महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण कर वेगळा. वर्षातून तीन महिने कापूस आणि कडबा ओढून बाकीचे दिवस गोठ्याशेजारी उभी राहणारी पिकअप, आणि वर्षभर रात्रंदिवस धावणारी मालमोटार, दोघींच्या वयाला एकच माप. धूर किती निघतो, ब्रेक किती लागतो हे मोजता येत असताना वयावर शुल्क कशाला? हा धुरावरचा कर नाही, गरिबीवरचा कर आहे. ज्याला नवी घेता येत नाही त्यानेच तो भरायचा.

यंत्रावरच्या तपासणीला आमचा विरोध नाही. उलट आम्ही तिचे स्वागत करतो. यंत्र चहापाणी मागत नाही आणि गाडीचे वयही विचारत नाही. ते फक्त ब्रेक, दिवे आणि धूर विचारते. पण अशी केंद्रे तालुक्याच्या आवाक्यात हवीत. तपासणीसाठी दिवस मोडून शंभर किलोमीटर जायचे असेल, तर ती तपासणी राहत नाही, शिक्षा होते.

एवढे सरकारला सांगितल्यावर आता घरचे बोलू. जिल्हा बैठकीच्या मैदानावर गाड्या उभ्या राहतात तेव्हा एकदा चाकांकडे पाहा. निम्म्या गाड्यांच्या चाकाखाली दगड लावलेला असतो. दगड का? हँडब्रेक लागत नाही म्हणून. त्याच गाड्यांवर पुढे चार-चार जादा दिवे, वर स्टीलची जाळी आणि मागे झगमगीत फाळका असतो. वयावरून गाडी भंगारात काढू नका असे सरकारला सांगण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर गाडी चालण्याच्या लायकीची ठेवण्याचे कर्तव्य आधी आपले आहे. दुरुस्तीचा पहिला रुपया कुठे जातो, यावरच आपला दावा खरा की खोटा ते ठरेल.

पहिला रुपया ब्रेकला. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, लायनर आणि रबरी पाइप तपासा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेते. जुने ऑइल उतारावर तापले की त्यात वाफ धरते आणि पेडल खाली जाते. दोन वर्षांनी ते बदला. खर्च काही शेकड्यांचा असतो.

दुसरा रुपया स्टिअरिंगला. किंगपिन, टायरॉड एंड, ड्रॅग लिंक आणि चाकाचे बेअरिंग. जॅकवर चाक उचलून वर-खाली आणि आजू-बाजूला हलवून पाहिले की ढिलाई हाताला कळते. त्याला मिस्त्री लागत नाही.

तिसरा रुपया चासीला. मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ चिखल साचतो, ओल राहते आणि गंज आतून खातो. पावसाळा संपला की पाण्याने धुऊन काढा आणि हातोडीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर तिथे पत्रा खलास झाला आहे असे समजा. यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट त्याच वेळी आवळून घ्या.

चौथा रुपया वायरिंगला, आणि हे कापूसवाल्याने पाठ करून ठेवावे. जुन्या वायरीचे आवरण कडक होऊन तडकते. फ्यूज उडतो म्हणून कोणी जाड तार गुंडाळतो, तर कोणी रिले न बसवता जादा दिवे जोडतो. वर हौदाभर कापूस असतो. एक ठिणगी पुरते. कापूस आत धुमसत राहतो आणि बाहेर ज्वाळा दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. सायलेन्सर फुटलेला असेल तरी हाच धोका. सहा महिन्यांची मेहनत सहा मिनिटांत जाते. वायरिंग नवे करायला लागणारा पैसा क्विंटल-दोन क्विंटल कापसाचा आहे. चालकाच्या आसनाशेजारी आग विझवायचा सिलिंडरही ठेवा.

इंजिनाचा नंबर यानंतर येतो. काळा धूर दिसला की इंजिन उघडायची घाई करू नका. आधी हवेचा फिल्टर पाहा. आपल्याकडे धूळ अमाप आहे, तो तुंबतो. मग नोझल आणि पंपाचे कॅलिब्रेशन. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले असावेत. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासा. मिस्त्रीने "पूर्ण इंजिन बांधावे लागेल" म्हटले तर आधी कॉम्प्रेशन मोजून मागा. मोजल्याशिवाय बांधणे म्हणजे माती न पाहता खत टाकणे.

आता फेरफारांविषयी. आपल्या भागात तीन फेरफार सर्रास चालतात.

एक, पाटे वाढवणे. दोन पाटे जादा टाकले की गाडी बसत नाही, म्हणून वजन दीडपट भरायचे. पण पाट्याने फक्त गाडी बसायची थांबते. अॅक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चासी होती तीच राहते. वजन दुप्पट झाले तर त्याच वेगात गाडी थांबवायला ब्रेकला दुप्पट ताकद खर्च करावी लागते. शिवाय गाडी उंच होते, वर कडब्याच्या पेंढ्यांची चळत, आणि वळणावर ती कलंडते. मोडलेला पाटा बदला, बसलेल्या पाट्यांची कमान नीट करून घ्या, पण वजन आरसी बुकात लिहिले तेवढेच भरा.

दोन, मोठे टायर. २८ इंच उंचीचा टायर काढून ३१ इंची घातला तर गाडी उंच दिसते खरी, पण चाकाची ओढ सुमारे दहा टक्क्यांनी घटते. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ च्या वेगाने पळत असते. स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींवर ताण येतो. काळ्या मातीत खरी अडचण टायरच्या उंचीची नसतेच. खाचांत चिखल भरून टायर गुळगुळीत होतो ही अडचण असते. मूळ मापाचाच, पण लांब-लांब आणि खोल दातांचा टायर घेतला तर तो फिरताना चिखल झटकतो. अडकल्यावर हवा थोडी कमी केली तर पकड वाढते, मात्र डांबरीवर येताच ती पुन्हा भरायला हवी. आणि मोटार चारचाकी ओढीची असली तरी ती बैल नाही, वाफसा आल्याशिवाय शेतात घालू नका. पुढच्या चाकांची ओढ चिखलातच लावा. कोरड्या डांबरीवर ती तशीच ठेवली तर वळताना पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन गिअर आणि जॉइंट तुटतात.

तीन, दुसरेच इंजिन बसवणे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच ठासून सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. इंजिन बदलावेच लागले तर त्याच जातीचे घ्या, परिवहन कार्यालयाची परवानगी काढा आणि नवा नंबर आरसी बुकात चढवा. नाहीतर अपघाताच्या दिवशी विमा कंपनीला हात झटकायला आयते कारण मिळते. पुढे लावतात ते लोखंडी क्रॅश गार्डही केंद्र सरकारने २०१७ साली बेकायदा असल्याचे कळवले आहे. तेही उतरवा.

या कायद्याची दुसरी बाजूही आहे. बदल नको, मूळचेच सुटे भाग लावा म्हणता, तर ते सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि गाडी उघडण्याची माहिती गावच्या मिस्त्रीलाही मिळाली पाहिजे. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळू देत नाहीत, असा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदाच केला, की शेतीयंत्रे बनवणाऱ्यांनी दुरुस्तीची माहिती, अवजारे आणि भाग शेतकऱ्याला व बाहेरच्या मिस्त्रीला दिले पाहिजेत. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारे आणि मोटारीही धरल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक पोर्टलही सुरू झाले. पोर्टलने पान्याचे काम होत नाही. हक्क कायद्यात उतरला पाहिजे.

जुनी गाडी कायमची सांभाळा, असेही आमचे म्हणणे नाही. चासीला मुख्य दांड्यावर तडा गेला असेल, भाग मिळेनासे झाले असतील, किंवा दुरुस्तीचा वर्षाचा खर्च नव्या गाडीच्या हप्त्याशी भिडला असेल, तर मोह सोडावा. नोंदणीकृत केंद्रात ती मोडावी, दाखला घ्यावा आणि नाव कमी करून घ्यावे. पण तो निर्णय वहीतला हिशेब पाहून मालकाने घ्यायचा. दलालाच्या धाकाने नाही आणि शुल्काच्या ओझ्याखाली तर नाहीच.

आमच्या मागण्या साध्या आहेत. तपासणी गाडीच्या तब्येतीची व्हावी आणि शुल्क वयावर नसावे. तपासणीचे केंद्र तालुक्याच्या आवाक्यात असावे. दुरुस्तीचा हक्क कायद्याने मिळावा. आणि गावातल्या गॅरेजवाल्या पोरांना आयटीआयमध्ये छोट्या मुदतीचे शिक्षण घेऊन दाखला मिळवता यावा.

सरकार हे करील तेव्हा करील. गावात आजच करता येण्यासारखे काम आपल्यापाशी आहे. चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून एक चांगला जॅक, टॉर्क पाना आणि कॉम्प्रेशन मीटर घ्यावा. प्रत्येक गाडीची एक वही ठेवावी, त्यात तारीख, किलोमीटर, भाग आणि रक्कम लिहावी. येत्या जिल्हा बैठकीला ती वही सोबत आणावी. पंचवीस वर्षांच्या गाडीचा हिशेब आणि पास झालेल्या तपासणीचा कागद शेजारी ठेवून आपण बोललो, तर परिवहन खात्याच्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागेल.

आणि येताना हँडब्रेक दुरुस्त करून या. चाकाखालचा दगड घरीच राहू द्या.